मत द्यायच्या आधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कसं वाचायचं

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळकडं इलेक्शन लागलं की आधी भावकी बसते आणि यंदा कुणाचं बटण दाबायचं ते तिथंच ठरतं. मी पण दोनदा तसंच केलं. दुसऱ्यांदा ज्याला मत दिलं त्याच्यावर द्राक्षाच्या पैशाच्या चेक बाऊन्सच्या केसेस होत्या हे मला निकालानंतर कळलं, आणि जास्त लागलं ते ह्याचं की ते त्यानं स्वतःच लिहून दिलेलं होतं, नोटरीच्या शिक्क्यासकट, मतदानाच्या आधीच. आम्ही कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

तेव्हापासनं मी प्रत्येक इलेक्शनला एक तास काढतो. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या साईटवर नाहीतर त्यांच्या ॲपवर मतदारसंघ टाकायचा, उमेदवाराचं नाव दाबायचं, की त्याचं प्रतिज्ञापत्र म्हणजे फॉर्म २६ स्कॅन केलेलं मिळतं. नेट चालत नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात बोर्डावर लावलेलं असतं, तिथं जाऊन बघायचं.

आधी केसेसचा तक्ता काढा. नुसता आकडा बघून मत बनवू नका, कलम वाचा. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवला म्हणून झालेली केस वेगळी आणि फसवणुकीची वेगळी, आमच्या भागात आंदोलनाची केस अंगावर नसलेला कार्यकर्ता शोधावा लागंल. फसवणुकीचं कलम जुन्या केसमध्ये ४२० दिसंल, कायदा बदलला म्हणून १ जुलै २०२४ पासनंच्या गुन्ह्याला ३१८, आणि चेक न वटल्याचं १३८. कोर्टानं आरोप निश्चित केलेत का तेपण तिथंच लिहिलेलं असतं.

मग मालमत्ता. स्वतःची, बायकोची, अवलंबून असणाऱ्यांची असे वेगवेगळे रकाने असतात. आधी कधी उभा राहिला असेल तर तेव्हाचं प्रतिज्ञापत्र पण काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडा वाढला म्हणजे खाल्लंच असं माझं म्हणणं नाही, हायवेकडंच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठं गेलेत, पण जमीन तेवढीच आहे का नवीन घेतली आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय दाखवलंय हे जुळतंय का ते बघा.

आणि कर्जाचं पान, जे कुणीच वाचत नाही. मागच्या वेळी जेवणं झाल्यावर ओट्यावर मोबाईल धरून मी आत्याला एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवत होतो, तिला अक्षर येत नाही, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कर्ज कुणाकडनं काढलंय ते वाच की." वाचलं तर ज्या पतसंस्थेत त्याच्या घरातलेच संचालक, तिथलंच कर्ज. माझी नजर त्यावरनं सरकून गेली होती राव. सरकारी देणी थकलीत का हे पण तिथंच जवळपास असतं.

कागद वाचून झाला की माणसाला प्रश्न विचारा, पण त्या पदाचा विचारा. गटारीचं आमदाराला विचारून उपयोग नाही. आमदारकीला उभा असेल तर म्हैसाळ नाहीतर टेंभू उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आपल्या गावाला कधी, टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटाला पाणी का पोचत नाही, हे विचारा आणि तारखेत उत्तर देतोय का "बघू की" म्हणतोय ते ऐका. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या पलूस-वाळव्याकडच्या लोकांनी पुराचं विचारावं. मी तर पाण्याच्या ह्या एका उत्तरावर अर्धं मत ठरवतो.

विट्याकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी मंडळी देशभर पसरलीत, मतदानाला गावी येतात आणि येईपर्यंत फोनवर "ह्याला टाका" एवढंच कळलेलं असतं. घरच्यांनी त्यांना निरोपाऐवजी ती पीडीएफच व्हॉट्सॲपला पाठवावी, गाडीत बसून वाचतील.

कुणीच पटलं नाही तर २०१३ पासनं नोटा म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण आहे, पण विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांतला पुढचा माणूसच निवडून येतो, हे धरून दाबा. नाव यादीत आहे का ते १९५० ह्या नंबरला फोन करून आधीच बघा. आणि बटण दाबल्यावर लगेच वळू नका, शेजारच्या मशीनच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, आपण दाबलेलंच चिन्ह आलंय का ते बघा आणि मगच बाहेर या.