पाठीवर वर्ष लिहायला विसरू नका: हाताने केलेली नाताळची सजावट

आमच्या कपाटावर बुटांचं एक खोकं असतं. त्यात मिठाच्या पिठाचा एक ठसा आहे. पसरलेली पाच छोटी बोटं, अंगठा किंचित आत वळलेला आणि मागे काडीने कोरलेलं '२००९'. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. दर डिसेंबरात खोकं खाली उतरलं की ती आधी तो ठसा काढते, त्यावर आपला आताचा तळवा ठेवून बघते आणि मग काही न बोलता तो खोडाजवळच्या जाड फांदीला अडकवते. त्या वर्षी विकत आणलेल्या चमकीच्या माळा कोणत्या रंगाच्या होत्या, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

म्हणून मी फार वस्तू करत नाही. चार-पाचच करते, पण टिकतील अशा करते आणि प्रत्येकीच्या पाठीवर वर्ष घालते. रंगही आधीच ठरवून टाकते: पांढरा, खाकी आणि एकच लाल. रंग आवरले की साध्या कागदालाही रूप येतं. कामाला बसायचं ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळची वाट बघण्याच्या काळाच्या, पहिल्या रविवारी. हा २५ डिसेंबरच्या आधीचा चौथा रविवार. त्यामुळे वाळायच्या वस्तूंना पुरेसा वेळ मिळतो आणि शेवटच्या दोन दिवसांत धावपळ होत नाही.

सुरुवात मिठाच्या पिठापासून करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी. मीठ बारीकच हवं, जाड मिठाचे खडे नंतर पृष्ठभागावर फोडांसारखे दिसतात. पाणी एकदम ओतू नका. थोडं थोडं घालत आठ-दहा मिनिटं नीट मळा. बोट दाबलं तर खळगा राहावा, पण पीठ बोटाला चिकटू नये, इतकं घट्ट झालं की थांबा. आता ते बटर पेपरवर लाटा, जाडी साधारण पाच मिलिमीटर. चांदण्या, घरं, पानं साच्याने कापा. साचा नसेल तर वाटीच्या कडेने गोल पाडा आणि त्यावर खऱ्या पानाची शिरांची बाजू दाबा. नेचाच्या पानाचा ठसा इतका रेखीव उमटतो की वरून रंग द्यावासा वाटत नाही. दोरा ओवायचं भोक स्ट्रॉने आत्ताच पाडायचं. भाजल्यावर पाडायला गेलात तर तुकडा तिथेच दुभंगतो. वर्षही याच वेळी, पीठ ओलं असताना, टूथपिकने कोरून घ्या.

ओव्हन १०० ते १२० अंशांवर ठेवा आणि दोन ते तीन तास द्या, मध्ये एकदा उलटवा. घाई करून आच वाढवली तर पीठ फुगतं आणि मधोमध पोकळ घुमट तयार होतो. हाताच्या ठशासाठी पीठ एक सेंटिमीटर जाड लागतं आणि वेळही तास-दीड तास जास्त. मुलाचा हात तुम्ही स्वतः वरून दाबा, एकेक बोट वेगळं. मुलांना सोडलं तर ती हात सरकवतात आणि ठसा पसरतो. हाताला खरचटलं असेल तर तो दिवस टाळा, मीठ झोंबतं.

यापुढची पायरी मी पहिल्या वर्षी गाळली होती. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. वार्निश न लावता ठेवलेल्या माझ्या अकरा चांदण्या पुढच्या डिसेंबरात मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. एकही वाचली नाही, आणि त्यांतल्या दोन माझ्या आईने कापलेल्या होत्या. तेव्हापासून तुकडे पूर्ण गार झाले की दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही वार्निशचे दोन हात देते. ठसा वाचला तो त्यामुळेच. घरात कुत्रा असेल तर या वस्तू उंचावरच टांगा. एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आता कागद. हिमकण कापणं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण बहुतेक जण चार किंवा आठ टोकांचा कापतात. खऱ्या हिमकणाला सहा टोकं असतात. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून स्फटिकही सहा बाजूंनी वाढतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरला रेणूंची काहीच कल्पना नव्हती, तरी हिमाला नेमकी सहाच टोकं का, या प्रश्नावर त्याने १६११ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. आणि विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिल्यांदा एका हिमकणाचा फोटो काढला, पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. त्याचे फोटो बघून कापायला बसलात तर नक्षी सुचत नाही अशी तक्रारच राहणार नाही.

सहा टोकांची घडी अशी: चौरस कागद तिरका दुमडून त्रिकोण करा आणि दुमडलेली लांब बाजू आपल्याकडे ठेवा. त्या बाजूचा मध्य चिमटीत दाबून खूण करा. आता उजवा भाग त्या खुणेपासून उचलून डावीकडे आणा आणि डावा त्याच्यावर उजवीकडे आणा, असे की तिन्ही भाग सारखे व्हावेत आणि कडा कडांना भिडाव्यात. पहिल्या वेळी घडी लगेच पक्की करू नका. सैल ठेवून सरकवत जुळवा, जुळली की नख फिरवा. मग उभी मधोमध एकदा दुमडा. हातात एक अरुंद पाचर येते, बारा पदरांची. वरचे कागदाचे कान तिरके कापून टाका आणि दोन्ही बाजूंनी नक्षी काढा. दोन कापांमध्ये थोडी दुमडलेली कड शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर उलगडताना हातात तुकडे येतात. कागद पातळ घ्या. जाड कार्डशीटचे बारा पदर कात्रीला पेलत नाहीत. उलगडलेला हिमकण जाड पुस्तकात रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी खिडकीच्या काचेला लावा. उजेड पलीकडून आला की तो खरा दिसतो, भिंतीवर अर्धी मजा जाते.

खिडकीत मोठा तारा हवा असेल तर खाकी कागदी पिशव्या घ्या, सात ते नऊ, सगळ्या एकाच मापाच्या. पिशवी चपटी ठेवून तळाच्या कडेला आडवी आणि मधून वरपर्यंत उभी अशी गोंदाची रेघ ओढा, त्यावर दुसरी पिशवी अगदी बरोबर बसवा. अशी चळत करा. गोंद सुकला की उघड्या तोंडाची बाजू टोकदार कापा, बाजूंना एक-दोन त्रिकोण उडवा. मग दोन्ही टोकांच्या पिशव्या धरून पंख्यासारखं फिरवा आणि एकमेकींना चिकटवा. हा क्षण मुलांच्या हाती द्या. चपट्या गठ्ठ्याचा अचानक तारा होतो, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मागे एलईडीची माळ सोडा, कागदाच्या जवळ मेणबत्ती कधीच नको.

संत्र्याच्या चकत्यांना फारसं काही करावं लागत नाही. पाच-सहा मिलिमीटर जाड कापा, दोन्ही बाजूंनी टिपा आणि १०० अंशांवर जाळीवर तीन-चार तास ठेवा, अधूनमधून उलटत राहा. कडेला तपकिरी छटा यायला लागली की काढा. उजेडासमोर धरल्या तर रंगीत काचेसारख्या दिसतात, आणि त्या दिवशी घरभर जो वास सुटतो तो कुठल्याच सुगंधी मेणबत्तीला येत नाही. हवा दमट असेल तर दुसऱ्या दिवशी तासभर पुन्हा वाळवा. अर्धवट वाळलेल्या चकत्यांना बुरशी धरते.

दारावरच्या चक्रासाठी तारेचा हँगर गोल वाकवला की पुरे. हिरव्या फांद्यांच्या चार-पाच बोटं लांबीच्या जुड्या करा आणि पातळ तारेने एकाच दिशेने बांधत जा. प्रत्येक जुडीने आधीच्या जुडीचे देठ झाकले पाहिजेत. दिशा मध्येच बदलली तर चक्र विस्कटलेलं दिसतं. हेच चक्र टेबलावर आडवं ठेवून मध्ये चार मेणबत्त्या लावता येतात, आगमनकाळाच्या दर रविवारी एक जास्त. ही कल्पना हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी घर चालवणाऱ्या योहान विखर्न यांची, १८३९ सालची. नाताळ कधी, नाताळ कधी असं मुलं रोज विचारत, म्हणून त्यांनी मोठ्या लाकडी चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात शोभेपेक्षा वाट बघणं जास्त आहे. मेणबत्त्या काचेच्या बरणीतच ठेवा आणि खोली सोडताना विझवा. फांद्या आठवड्यात वाळतात आणि वाळल्या की झटकन पेट घेतात. बरणीला बाहेरून फेविकॉलचा पातळ हात देऊन जाड मिठात घोळवलं तर ती दव गोठल्यासारखी दिसते.

गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आमच्याकडे बुटांच्या खोक्यातच होते. आतून खाकी कागद चुरगाळून डोंगर, वाळक्या गवताची शेज, मिठाच्याच पिठाची माणसं आणि जनावरं. बाळ मात्र २४च्या रात्रीपर्यंत काड्यापेटीत झोपलेलं असतं. ते कुणी ठेवायचं याची पाळी वर्षभर आधीच ठरते.

६ जानेवारीला सगळं उतरवते. हिमकण बटर पेपरच्या घड्यांमध्ये पुस्तकात जातात, पिशव्यांचा तारा एका बाजूने सोडवून पुन्हा चपटा होतो. पिठाच्या वस्तू एकेक टिश्यूत गुंडाळून अंड्यांच्या ट्रेमध्ये बसतात, शेजारी सिलिका जेलच्या दोन पुड्या. मग गव्हाणी रिकामी करून त्याच खोक्यात सगळं भरते, तळाला जड वस्तू आणि सगळ्यात वर, मऊ फडक्यात, तो हाताचा ठसा.