पाऊस आणि बिघाड एकाच शनिवार-रविवारी आले तर

शुक्रवारच्या दुसऱ्या सरावात माझी शर्यतीची मोटरसायकल गचके द्यायला लागली. वर पाऊस. मी पिटमध्ये आलो, प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि मॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंगही बदलली. सगळं एका दमात. पुढचे तीन लॅप गाडी मस्त पळाली, चौथ्याला पुन्हा तेच रडगाणं. माझे भाऊजीच माझे मेकॅनिक. ते एवढंच म्हणाले, "या चारांतलं नेमकं कशानं सुधारली होती, सांग बरं." काय सांगणार, कप्पाळ!

तेव्हा पहिलं काम हे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. पेन्सिलीनं लिहा, ओल्या हातानं पेनची शाई पसरते. ट्रॅक किती ओला होता, कोणतं वळण, कोणता गिअर आणि हँडल कुठल्या बाजूला होतं, एवढं टिपा. हँडलची नोंद मला फालतू वाटायची. पण रात्री वही चाळताना दिसलं की गाडी फक्त दोन ठिकाणी मरत होती आणि दोन्ही अगदी हळू घ्यायची डावी वळणं होती. ट्रॅकवर हँडल खऱ्या अर्थानं वळतं ते अशाच जागी, एरवी सगळा खेळ गाडी झुकवण्याचा.

मग स्टँडवर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आवाज बदलला नाही तर वायरिंग वीतभर-वीतभर धरून हलवा. पंखा आणि चेन यांच्यापासून बोटं लांब. कोरड्यात काहीच सापडत नसेल तर झाडांवर पाणी फवारायची बाटली घ्या आणि एका वेळी एकाच जागी फवारा: आधी कॉइल, मग वायरी जोडणारं एकेक कपलर, मग हँडलच्या मुळाशी. प्रत्येक जागेनंतर अर्धा मिनिट थांबा. ही घाई करायची जागा नाही.

आमच्याकडे हँडलच्या मुळाशी फवारल्यावर इंजिन अडखळलं. टॉर्च लावून पाहिलं तर थ्रॉटल सेन्सरच्या (मूठ किती पिळली ते सांगणाऱ्या) वायरीवरचं आवरण फ्रेमला घासून गेलेलं आणि तिळाएवढं तांबं उघडं. या सेन्सरचा सिग्नल पाच व्होल्टच्या आतला असतो. ओल्या फ्रेमकडे जराशी गळती झाली की मूठ स्थिर असूनही ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, ती हलल्यासारखी वाटते. वायर घासण्याचं कारण मीच. प्लॅस्टिकची पट्टी मी सफाईदार दिसावी म्हणून कचकन आवळली होती.

अशा जागी नुसती टेप गुंडाळू नका, पाण्यात आणि उष्णतेत ती सुटते. खराब तुकडा कापून नवा डाखा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आकसणारी) नळी चढवा आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून वायरीला ढील ठेवूनच बांधा. हात लागलाच आहे तर प्लगच्या खड्ड्याचं निचरा होणारं भोक तारेनं मोकळं करा, तिथं साचलेलं पाणीही असेच गचके देतं. कपलर हवेनं सुकवून रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ठासून भरू नका, ते ग्रीस वीज वाहून नेत नाही.

आता पावसाची बाजू. खालच्या फेअरिंगचं, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाचं, पोट इंजिन फुटलं तर तेल अडवण्यासाठी बंद असतं. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या रोड रेसिंग नियमांत त्याला 25 मिमीची भोकं असतात, कोरड्यात बंद आणि फक्त ओल्यात उघडायची. शनिवारी मी ती उघडायला विसरलो आणि पोटात पाणी घेऊन अख्खी पात्रता फेरी मारली. तेव्हापासून बुचांची आठवण टाकीवरच्या टेपवर लिहिलेली असते.

सस्पेन्शन थोडं मऊ करा. मी पुढे-मागे कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन क्लिक कमी करतो आणि प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) एक फेरा सोडतो, बाकी काही नाही. टायरची हवा मात्र स्वतःच्या अकलेनं काढू नका. हवा कमी झाली की रबराच्या खाचा दबतात, पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. टायर बनवणाऱ्यानं दिलेला आकडाच धरा. मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल एक पायरी वर. हेल्मेटच्या व्हायझरला आतली दुसरी काच आणि नाकावर श्वास खाली वळवणारी पट्टी हवीच. आतून हातमोज्यानं पुसलंत तर फेरीभर धुकं.

चालवताना नेहमीची कोरडी रेषा विसरा. तिथं बसलेलं रबर ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं. रंगवलेले पट्टे आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेची रंगीत किनार) टाळा. पुढचा ब्रेक आधी हलका दाबून टायरवर वजन येऊ द्या, मग जोर वाढवा. पिवळे-लाल उभे पट्टे असलेला झेंडा म्हणजे पुढे पकड कमी. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर दिसला तर गाडीत धोका आहे, लगेच ट्रॅक सोडा. "एवढा लॅप पुरा करतो" हा हट्ट नको, मागच्याच्या चाकाखाली तुमचं तेल येतं.

सगळ्यात अवघड म्हणजे सुकत चाललेला ट्रॅक. मोटोजीपीत 2006 पासून शर्यत न थांबवता गाडी बदलतात. आपल्यासारख्यांकडे दुसरी गाडी कुठली! ग्रिडवर जो टायर, तोच शेवटपर्यंत. मी पुढच्या गाड्यांचे फवारे बघतो. ठरलेल्या रेषेवर फवारा उडायचा थांबला असेल तरच स्लिक, म्हणजे बिनखाचांचा कोरड्यातला टायर. रविवारी फवारा उडत होता म्हणून पावसाळी टायर घेतले आणि शेवटच्या पाच लॅपमध्ये ऊन पडलं. मागचा टायर वळवळायला लागला. अशा वेळी ट्रॅकच्या सरळ भागात मुद्दाम ओल्या बाजूनं जा, टायर थंड होतो. मी चौदावा आलो. गचका मात्र एकही नाही.

त्याच संध्याकाळी फेअरिंग उतरवा, कपलर उघडून सुकवा, चेनला तेल द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर गंज तुमच्या आधी उठलेला असतो. आमच्याकडे हँडलजवळच्या पट्ट्या आता भाऊजीच बांधतात. मला फक्त टॉर्च धरायला देतात.