पॅकेट लॉस शोधताना या चुका टाळा

पॅकेट लॉसची, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे डेटाचे लहान तुकडे (पॅकेट) वाटेत हरवण्याची, तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण सोबत एक स्क्रीनशॉट आणतात, आणि त्यात बहुधा चुकीच्याच ओळीभोवती लाल वर्तुळ काढलेले असते. दोष साधनांचा नाही. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेले पिंग (पॅकेट पाठवून उत्तर येते का आणि किती वेळात, हे मोजणारे) आणि व्हॅन जेकबसन यांचे ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवणारे) ही दोन्ही साधने इतक्या वर्षांनंतरही घरच्या जोडणीचा दोष शोधायला पुरेशी आहेत, आणि दोघांचे काम एकत्र करणारे एमटीआर तर सहज मिळते. गोंधळ होतो तो आकडे वाचण्यात आणि त्याहून जास्त आकडे घेण्याच्या घाईत.

मधल्या हॉपवरची टक्केवारी हाच दोष समजणे

ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. एमटीआरमध्ये आपल्या राउटरपासून शेवटच्या सर्व्हरपर्यंतचा एकेक हॉप, म्हणजे वाटेतला एकेक टप्पा, एकेका ओळीत दिसतो आणि प्रत्येकापुढे लॉसची टक्केवारी असते. चौथ्या ओळीत ६० टक्के दिसले की वाचणारा तिथेच थांबतो आणि तो राउटर बिघडला आहे असे ठरवून मोकळा होतो. ती ओळ कशी तयार होते हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. एमटीआर मुद्दाम लहान टीटीएलची पॅकेट पाठवून ही उत्तरे गोळा करते. मोठ्या राउटरमध्ये पुढे जाणारी पॅकेट खास हार्डवेअर हाताळते, पण अशी उत्तरे तयार करण्याचे काम त्याच्या मुख्य प्रोसेसरकडे जाते, आणि त्या प्रोसेसरवर ताण येऊ नये म्हणून उत्तरांच्या संख्येवर मर्यादा घातलेली असते. म्हणजे चौथ्या ओळीतल्या ६० टक्क्यांचा अर्थ एवढाच, की त्या राउटरने आपल्या बऱ्याच चौकशांना उत्तर दिले नाही. तुमची पॅकेट त्याच्यातून सुखरूप पुढे गेली की नाही, हे शेवटची ओळ सांगते. ज्या हॉपपासून लॉस सुरू होतो आणि तिथून खाली शेवटच्या ओळीपर्यंत टिकून राहतो, तोच लॉस खरा.

हे मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी संध्याकाळचे व्हिडिओ कॉल तुटू लागले. एमटीआर लावले तर चौथ्या ओळीत ६२ टक्के. मी नऊ दिवस पुरवठादाराशी त्या चौथ्या हॉपवरून भांडत होतो. शेवटी त्यांच्या एका अभियंत्याने शांतपणे विचारले, "शेवटच्या ओळीत किती आहे? आणि पहिल्या ओळीत?" शेवटच्या ओळीत २ टक्के होते आणि पहिल्या ओळीतही २ टक्केच होते. पहिली ओळ म्हणजे माझाच राउटर, माझ्यापासून तीन मीटरवर असलेला. लॉस घरातून सुरू होत होता आणि तसाच शेवटपर्यंत जात होता.

टेबल ओढले तेव्हा भिंत आणि टेबलाचा पाय यांच्यामध्ये चेपलेली केबल सापडली. तिच्या कनेक्टरची प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती, त्यामुळे तो पोर्टमध्ये नुसता टेकलेला होता, अडकलेला नव्हता. लॅपटॉपवर लिंकचा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसत होता, आणि एवढी एक गोष्ट मी पहिल्या दिवशी पाहिली असती तर ते नऊ दिवस वाया गेले नसते. कारण गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, आणि एखादी जोडी तुटली की लिंक गुपचूप खालच्या वेगावर उतरते. संध्याकाळीच त्रास का व्हायचा, याचेही उत्तर तिथेच मिळाले. कॉलच्या वेळी मी टेबलावर कोपर टेकून बसायचो, टेबल बोटभर मागे सरकायचे आणि केबल आणखी दाबली जायची. "संध्याकाळी होते, म्हणजे नेटवर्कवर गर्दी" हा माझा निष्कर्ष मोजमापावर नव्हे, सवयीवर उभा होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी फक्त घरच्या राउटरला पिंग, मग पुरवठादाराच्या पहिल्या हॉपला, मग शेवटच्या सर्व्हरला. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी, एकाच वेळी चालू ठेवतो. लॉस तिन्हीत असेल तर घरात शोधायचे, मागच्या दोनांत असेल तर घराबाहेर जाणाऱ्या लाइनवर, आणि फक्त तिसऱ्यात असेल तरच रूटिंगचा, म्हणजे पॅकेट कोणत्या वाटेने पाठवले जाते याचा, विचार सुरू करायचा. दुसऱ्या खिडकीतला हॉपही कधीकधी उत्तर देणे टाळतो, म्हणून तिथला आकडा तिसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही.

चार पिंगवर निकाल देणे

वेगळे काही सांगितले नाही तर विंडोज पिंगची फक्त चार पॅकेट पाठवते. जोडणीवर २ टक्के लॉस असेल तर चारही पॅकेट परत येण्याची शक्यता सुमारे ९२ टक्के आहे. म्हणजे दोषी जोडणीही जवळजवळ नेहमी निर्दोष दिसणार. मी किमान ५०० पॅकेट पाठवतो, त्याला साडेआठ मिनिटांच्या आसपास लागतात. एवढा धीर ज्यांना धरवत नाही त्यांनी निदानाच्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांचा चुकीचा निष्कर्ष पुढे दुसऱ्या कोणाला तरी निस्तरावा लागतो.

वाय-फायवरून मोजणे

वाय-फाय हवेत हरवलेली फ्रेम (पॅकेट वाहून नेणारा संदेश) स्वतःच पुन्हा पाठवते, त्यामुळे रेडिओची अडचण पुष्कळदा लॉस म्हणून दिसत नाही, तर पिंगच्या वेळेत ४ मिलिसेकंदांचे मधूनच ९० होतात अशी दिसते. केबल लावून मोजा. केबलवर सगळे ठीक असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ हेच चॅनल वापरून पाहा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

सर्वात आधी राउटर बंद-चालू करणे

हा उपाय इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो निदानाचा भाग वाटू लागला आहे. प्रत्यक्षात त्याने पुरावा पुसला जातो. बहुतेक घरगुती राउटरमधले लॉग, त्रुटींची मोजणी आणि लाइन किती वेळ चालू होती याची नोंद वीज गेली की जाते. म्हणून बंद करण्यापूर्वी राउटरचे पान उघडून या गोष्टी टिपून ठेवा. फायबर असेल तर ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर, म्हणजे घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, अवश्य पाहा: जीपॉन या फायबर पद्धतीच्या प्रचलित बी प्लस वर्गात घरच्या उपकरणासाठी ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावी लागते. आकडा उणे २७ च्या खाली गेलेला असेल, तर फायबर कुठेतरी तीव्र वळलेली आहे का किंवा कनेक्टरवर धूळ आहे का, हा प्रश्न राउटर कितीही वेळा चालू केला तरी सुटणार नाही.

लाइन भरलेली असताना मोजणे

घरातले कोणी मोठी फाइल अपलोड करत असेल आणि पिंग १२ वरून ४०० मिलिसेकंदांवर गेला, तर तो राउटरच्या बफरमध्ये साचलेल्या रांगेचा परिणाम आहे. रिकाम्या लाइनवर एकदा आणि भरलेल्या लाइनवर एकदा, असे दोनदा मोजा. फरक मोठा असेल तर एफक्यू-कोडेलसारखी रांगव्यवस्था असलेला राउटर वापरा आणि वेगाची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. इंटरनेटचा प्लॅन वाढवून ही अडचण बहुधा जात नाही.

मिलिसेकंदांची उडी दिसली की रूटिंगवर बोट ठेवणे

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ६००० किलोमीटर दूरच्या सर्व्हरला जाऊन येण्यातच ६० मिलिसेकंद जाणार. एखाद्या हॉपवर आकडा उडी मारतो आणि पुढे तसाच राहतो, तेव्हा तिथे बहुधा समुद्राखालची लांब केबल असते. अंतराच्या हिशेबात न बसणारी उडी मात्र तपासण्यासारखी आहे, कारण पॅकेट लांबच्या देशाला वळसा घालून येत असण्याची शक्यता असते.

खरा रूटिंगचा दोष ओळखण्याची माझी आवडती खूण वेगळी आहे: एका पत्त्यावर सतत लॉस आणि त्याच नेटवर्कमधल्या शेजारच्या पत्त्यावर अजिबात नाही. मोठी नेटवर्क रहदारी अनेक समांतर लिंकवर वाटतात आणि कोणते पॅकेट कुठून जाणार हे पत्ते व पोर्ट यांवरून ठरते. त्यातली एक लिंक खराब झाली की काही जोडण्या नेहमी तुटतात आणि बाकीच्या नेहमी चालतात. अशा वेळी व्हीपीएन (रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी) लावून वाट बदलून पाहणे ही चांगली चाचणी आहे. पण व्हीपीएनवर चालले की पुष्कळ जण तोच कायमचा इलाज मानून तक्रार नोंदवत नाहीत, आणि ती लिंक तशीच राहते.

काही पाने अर्धवट उघडून लटकत असतील, तर आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, तपासा. पॅकेट तोडू नये असे सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा; २८ बाइटचे हेडर धरून तो १५०० होतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) जोडणीवर ८ बाइट कमी मिळतात, म्हणून तिथे मर्यादा १४६४ असते.

डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलल्याने पॅकेट लॉस जात नाही. स्पीड टेस्टमध्ये आकडा चांगला आला म्हणून लॉस नाही असेही ठरत नाही, कारण ती बहुधा जवळच्या सर्व्हरवर, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते.

तक्रार करताना केबलवरून घेतलेली तिन्ही मोजमापे, प्रत्येकाची सुरू आणि बंद होण्याची वेळ, आपला सार्वजनिक पत्ता, समोरचा पत्ता आणि किती पॅकेटपैकी किती हरवली हे लिहा. शक्य असेल तर समोरच्या बाजूने आपल्याकडे चालवलेला ट्रेसराउटही जोडा. जाण्याची आणि परतण्याची वाट बऱ्याचदा वेगळी असते, आणि परतीच्या वाटेवरचा दोष आपल्या बाजूने चालवलेल्या कोणत्याही ट्रेसराउटमध्ये जाण्याच्या वाटेवर असल्यासारखाच दिसतो.