मॅटर्निटी शूटची साडी आणि गाऊन: आधी कापड बघा, मग रंग

मॅटर्निटी शूटचे, म्हणजे गरोदरपणातल्या फोटोंचे, कपडे ठरवताना बहुतेक घरांत सुरुवात रंगापासून होते, आणि चूकही तिथंच होते. या फोटोत पोटाची गोलाई दिसायला हवी. ती दिसणार की नाही, हे कापडावर अवलंबून असतं. कपाटातली सगळ्यात भारी साडी फोटोतही सगळ्यात छान दिसेल असं मुळीच नाही.

कापडाची परीक्षा घरीच करता येते. मूठ वळून हात पुढे धरा आणि त्यावर साडीचा पदर टाका. कापड मुठीच्या कडेनं लगेच खाली उतरलं, तर पोटावरही ते तसंच बसेल. तंबूसारखं फुगून राहिलं, तर आठव्या महिन्यातलं पोटही नुसती जाड कंबर वाटेल. क्रेप, जॉर्जेट, शिफॉन, मलमल आणि धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी या परीक्षेत पास होतात. ऑरगंझा, टिश्यू, कडक खळ दिलेलं कॉटन आणि नवी करकरीत रेशमी साडी बहुधा नापास होतात.

मग पैठणी नेसायचीच नाही का? नेसा, पण पदर मोकळा सोडू नका. जरीचा भरलेला पदर पोटावरून आडवा गेला की सगळी गोलाई झाकली जाते. त्याच्या चार बोटं रुंदीच्या चुण्या घालून खांद्यावर पिन लावा. पदरावरचे मोर दाखवायचेच असतील, तर बसून काढायच्या फोटोत पदर मांडीवर पसरा. इरकल अंगावर छान बसते, पण बारीक चौकडीची असेल तर टाळा. अशी बारीक वीण कॅमेऱ्यात कधी कधी पाण्यासारखी लहरताना दिसते, आणि ते नंतर काढून टाकणं अवघड जातं. साध्या अंगाची, फक्त काठ आणि टोप पदर उठून दिसणारी इरकल उत्तम.

आता नेसण्याबद्दल. इथं घाई केली तर चांगलं कापडही वाया जातं. परकराची नाडी पोटावर नको, पोटाच्या खाली बांधा. त्याहून बरं म्हणजे रुंद इलॅस्टिकचा मऊ परकर. निऱ्या नेहमीपेक्षा एक-दोन कमी घ्या आणि पोटाच्या खालीच खोचा. पोटावर खोचल्या तर तिथं गठ्ठा होतो आणि बाजूनं घेतलेल्या फोटोत पोटाला कोपरा आल्यासारखं दिसतं. उलट्या पदराची साडी उजव्या कुशीतून डाव्या खांद्यावर जाते, म्हणून पोट डाव्या बाजूनं जास्त मोकळं दिसतं. बाजूच्या फोटोसाठी डावी कूस कॅमेऱ्याकडे ठेवायची, एवढं लक्षात ठेवलं तरी फरक पडतो. नऊवारीची गाठ आणि काष्टा या दिवसांत काचतो, आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं बाथरूमला जावं लागतं तेव्हा सगळं सोडून पुन्हा नेसणं शक्य नसतं. हौस असेल तर इलॅस्टिक लावलेली शिवलेली नऊवारी घ्या.

ब्लाउज जुन्या मापाचा चालणार नाही. छातीचं माप शूटच्या आठ-दहा दिवस आधी नव्यानं द्या, हुक पुढून लावायला सांगा आणि आत दीड इंच माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला लावा. शूटसाठी गरोदरपणाचा साधारण 28 ते 34 आठवड्यांचा काळ चांगला: पोट नीट दिसतं आणि उठबसही जमते. जुळी असतील तर 26 ते 30. रक्तदाब वाढलेला असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर आधी त्यांना विचारा आणि शूट घरीच करा.

गाऊन घेणार असाल तर होजिअरीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचा, छातीखाली शिवण असलेला घ्या. तो पोटाला धरून बसतो, पण आतल्या कपड्यांची प्रत्येक रेघही दाखवतो, म्हणून आत त्वचेच्या रंगाचे, बिनशिवणीचे कपडे हवेत. पांढरा किंवा फिका गाऊन घालून आदल्या दिवशी खिडकीकडे पाठ करून उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी समोरून बघायला सांगा. मागून ऊन आलं की काय काय दिसतं ते तिथंच कळेल. भाड्यानं आणलेला गाऊन चार दिवस आधी ताब्यात घेऊन धुवा आणि घालून बघा. शूटच्या सकाळी चेन बसली नाही तर हाताशी दुसरं काही नसतं.

रंग ठरवायचा तो जागा बघून. डोहाळजेवणाची हिरवी साडी घरात, लाकडी दारापाशी किंवा पांढऱ्या भिंतीसमोर सुरेख दिसते. तीच पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावर नेली की गवतात आणि झाडांत मिसळून जाते. तिथं डाळिंबी, अबोली, हळदी किंवा राणी रंग घ्या. पन्हाळ्यावरच्या जुन्या वास्तूंचा दगड काळपट. त्यासमोर आमसुली आणि गडद जांभळा बुडतो, लिंबू आणि मोतिया उठून दिसतो. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर चौपाटीच्या बाजूनं सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. तो पाठीशी घेतला तर रंग जवळपास दिसतच नाही, उरते ती आकृती, म्हणून तिथं अंगाबरोबर बसणारा साधा कपडाच हवा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. त्याच्या तासभर आधी तयार होऊन पोहोचा.

काळ्या रंगावरून घरात वाद होतात. सासूबाईंना किंवा आईला तो नको असेल, तर एवढ्यासाठी त्यांचं मन मोडू नये असं आम्हाला वाटतं. गर्द निळा किंवा वांगी रंग फोटोत तेच काम करतो. संक्रांतीच्या आसपास शूट असेल तर मात्र काळी चंद्रकळा साडी आणि हलव्याचे दागिने मानानं घालता येतात. हलवा घामानं चिकट होतो, म्हणून ते दागिने अगदी शेवटी चढवा.

दागिन्यांत कोल्हापुरी साज आणि ठुशी दोन्ही एकदम घातली की नजर गळ्यापाशीच अडकते. साज घातला तर वर काही नको, किंवा नुसती ठुशी आणि मोकळा गळा. कडक कंबरपट्टा या दिवसांत बसत नाही. सैल साखळीचा असेल तर पोटाखाली सोडा. अंगठ्या आणि घट्ट बांगड्या सकाळीच घालून बघा, कारण बोटं सुजलेली असतात आणि ओढून चढवलेली अंगठी निघताना रडवते. फुलांचे दागिने सांगताना निशिगंध घालू का, हे स्वतःच्या नाकाला विचारा. त्याच्या वासानं अनेकींना मळमळतं. मोगरा-शेवंतीची वाडी ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि जागेवर पोहोचल्यावर घाला.

पायात कोल्हापुरी चप्पल शोभते, पण पंचगंगेच्या घाटावर ओल्या दगडांवर तिचा चामडी तळ घसरतो आणि पाण्यानं चामडंही खराब होतं. चालताना रबरी तळाची चप्पल, फोटोपुरती कोल्हापुरी, आणि पायऱ्यांवर कुणाचा तरी हात धरलेला, एवढं पाळाच. उंच टाचा घालूच नका. लांब गाऊनचा घोळ पायऱ्या चढताना दुसऱ्यानं उचलून धरावा.

उघड्या पोटाचे फोटो हवे असतील तर त्या दिवशी उठल्यापासून सैल मॅक्सीच घाला. नाडीचे आणि इलॅस्टिकचे वळ जायला तासाहून जास्त वेळ लागतो. तेल आदल्या रात्री लावा, सकाळी नको. कातडी चकाकते आणि रेशमावर डाग पडतात. कोल्हापूर शहरापासून पन्हाळा साधारण 20 किलोमीटर, शेवटचा रस्ता घाटाचा. वळणांनी मळमळतं, म्हणून प्रवास सुती कपड्यांत करा आणि वर एखादी खोली घेऊन तिथं साडी नेसा. वरच्या वाऱ्यात जॉर्जेटचा पदर सुंदर उडतो, पण खांद्यावर दोन पिना हव्यात. एकीनं कापड फाटतं.

नवऱ्यानं त्याच रंगाचा कुर्ता घालू नये. दोघं शेजारी उभे राहिले की एकच मोठा पट्टा दिसतो आणि पोट त्यात हरवतं. साडी डाळिंबी असेल तर कुर्ता मोतिया किंवा फिका राखाडी. मोठं मूल असेल तर त्याला काठातला एखादा रंग द्या.

दोन तासांच्या शूटला दोन पोशाख पुरे. तिसऱ्या वेळी कपडे बदलताना कंबर धरते आणि थकवा चेहऱ्यावर दिसतो. शूटच्या दोन दिवस आधी दोन्ही पोशाख पूर्ण घालून मोबाईलवर तीन फोटो काढा: समोरून, डाव्या कुशीवरून आणि खुर्चीत बसून. बसल्यावर जिथं काचतं तिथली नाडी, हुक किंवा पिन त्याच संध्याकाळी बदलून घ्या.