हट्टी पिंपल्स: आधी काय बंद करायचं, मग काय लावायचं आणि किती दिवस थांबायचं

कॉलेजात दोन-चार पिंपल्स आले आणि आपोआप गेले, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हे नाहीये. पंचविशी उलटली तरी ज्यांचे जात नाहीत, एक बसतो न बसतो तोवर शेजारी दुसरा टपकतो, आणि लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक मावशी-काकू हनुवटी धरून "अगं काहीतरी लाव ना याला" म्हणते, त्यांच्यासाठी आहे. मला तेविसाव्या वर्षी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने सुरू झाले, आतून ठणकणारे, तोंड नसलेले, कुशीवर झोपलं तरी दुखायचे. त्यावर मी चार वर्षं लिंबू, टूथपेस्ट, उगाळलेलं जायफळ, मुलतानी माती, मैत्रिणीला सूट झालेलं सिरम असं हाताला लागेल ते लावलं. आता चेहरा बऱ्यापैकी शांत आहे, आणि तो शांत झाला तो लावायच्या गोष्टी कमी केल्यावर.

म्हणून आधी बंद काय करायचं ते. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "पिंपल्सची क्रीम द्या" म्हणून आणलेली ट्यूब घरात असेल तर ती आत्ता उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक जरी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड, म्हणजे सूज दाबणारं तीव्र औषध आहे. बऱ्याचदा त्यात हायड्रोक्विनोन (रंग उजळवणारं) आणि ट्रेटिनोइन (त्वचा सोलणारं) पण असतं आणि ती ट्यूब गोरं व्हायची क्रीम म्हणून हातोहात फिरते. पहिले आठ-दहा दिवस चेहरा इतका छान दिसतो की आपण चार जणींना सांगतो, मग लावणं थांबवलं की दुपटीने फोड येतात, परत लावलं की बसतात, आणि या चक्रात त्वचा पातळ होत जाते, उन्हात गेलं की लाल होते, गालावर लव वाढते, बारीक रक्ताच्या रेषा दिसायला लागतात. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी कुठल्याही कोपऱ्यावर मिळतातच. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा, कारण ती सोडवायची पण पद्धत असते.

लिंबू आणि खायचा सोडा पण बंद. आपली त्वचा किंचित आम्ल असते, पीएच साधारण साडेपाच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), आणि लिंबाचा रस २ च्या आसपास, म्हणजे कितीतरी पट तीव्र, तर सोडा उलट्या बाजूला, अल्कलीकडे. दोन्हींनी वरचा थर खराब होतो. आणि आपली सावळी-गव्हाळ त्वचा जिथे चिडते तिथे काळा डाग सोडते, जो पिंपलपेक्षा जास्त दिवस राहतो. स्क्रब, अक्रोडाची पावडर, घासायचे ब्रश हे पण त्यातच आलं. डाळीचं पीठ वाईट नाही, पण रोज घासून लावू नका.

आता जी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं ती. पिंपल ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तयार झालेला नसतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्या तोंडाशी मेलेल्या पेशी आणि तेल अडकून बूच बसतं, आत जंतू वाढतात, सूज येते, आणि ही सगळी भानगड डोळ्यांना दिसायच्या कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. म्हणजे पुढच्या महिन्यातला पिंपल आज आरशात साफ दिसणाऱ्या जागेत बसलेला आहे. त्यामुळे आलेल्या फोडावर टिकली लावल्यासारखं औषध लावून फारसं काही होत नाही, जिथे जिथे येतात त्या अख्ख्या भागावर लावायचं. आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आपण तिसऱ्या आठवड्यात "सूट होत नाही" म्हणून बदलतो, माझी चार वर्षं अशीच गेली.

सुरुवात तीनच गोष्टींनी करा. साधा फेसवॉश, कमी फेस होणारा, दिवसातून दोनदा, त्यापेक्षा जास्त नाही. चेहरा धुतल्यावर ओढला जात असेल, करकरीत वाटत असेल तर तो फेसवॉश तुमचा नाही. दुसरं मॉइश्चरायझर, हो, तेलकट त्वचेला पण, जेलवालं किंवा हलकं लोशन घ्या ज्यावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं बंद न करणारं, असं लिहिलेलं असतं. तिसरं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, जेल किंवा मॅट, दोन बोटांवर उभ्या रेषा काढून निघेल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. हे तिन्ही दोन आठवडे लावून त्वचेला त्रास होत नाहीये ना ते बघा, आणि मगच औषध.

औषधांत मला जे उपयोगी पडलं ती दोन लावायची जेल, जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रंध्रं मोकळी ठेवणारं अॅडापलीन. डॉक्टरांना दाखवून घ्या, पण वापरायचं कसं हे ओपीडीत दोन मिनिटांत कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे लिहितेय. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के घ्या. १० टक्क्यांनी लवकर जाईल असं वाटतं, पण २.५ टक्के जवळपास तेवढंच काम करतं आणि जळजळ बरीच कमी होते. सकाळी लावायचं, त्वचा नाजूक असेल तर लावून पाच-दहा मिनिटांनी धुवून टाकायचं, तरी फायदा होतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ते कापडाचा रंग उडवतं. माझ्या मरून उशीच्या अभ्र्यावर नारिंगी चट्टे पडले आणि आई दोन महिने साबण बदलत बसली होती, शेवटी एकदा टॉवेलवर पण हाताच्या बोटांसारखे चार ठसे उमटले तेव्हा कळलं. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा, विषय संपला.

अॅडापलीन रात्री. हे जरा सावकाश सांगते कारण सगळी चूक इथेच होते. चेहरा धुतला की टॉवेलने टिपायचा, पुसायचा नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओलसर त्वचेवर ते जास्त चावतं. मग थोडं मॉइश्चरायझर. मग मटारच्या एका दाण्याएवढं जेल बोटावर घ्यायचं, अख्ख्या चेहऱ्याला एवढंच, आणि ठिपके लावायचे, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी, आणि पसरवायचं. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुडीच्या कडा, ओठांचे कोपरे सोडायचे, तिथे लावलं तर दोन दिवसांत भेगा पडतात आणि तिखट खाताना डोळ्यात पाणी येतं. वरून परत मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनच रात्री, सोमवार-बुधवार-शुक्रवार, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज. पहिल्या महिन्यात थोडं सोलणं, कोरडेपणा आणि आधीपेक्षा जास्त पिंपल्स असं होऊ शकतं, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. भाजल्यासारखं झालं, सूज आली तर मात्र थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि अप्पर लिपचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग असेल तर निदान आठवडाभर आधी त्या जागी लावणं बंद, नाहीतर कातडी निघते. प्रेग्नंट असाल, किंवा ट्राय करत असाल तर अॅडापलीन लावायचंच नाही, डॉक्टरांना तसं सांगा, त्यांच्याकडे अझेलाइक अॅसिडसारखा पर्याय असतो आणि तो डागांवर पण चालतो.

क्लिंडामायसिन जेल खूप घरांत दिसतं. ते अँटिबायोटिक आहे, एकटं महिनोन् महिने लावलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक दिवसच.

आता आजूबाजूच्या गोष्टी. पुण्यात राहत असाल तर स्कार्फ. गाडीवर डोळे सोडून सगळं बांधून घ्यायचं, घामाने भिजलेला तो स्कार्फ डिकीत कोंबायचा आणि संध्याकाळी परत तोच तोंडाला, मी कित्येक वर्षं हेच केलं. माझ्या जबड्याच्या कडेने जिथे गाठ घासायची नेमकी तिथे पिंपल्सची रांग होती. आता पाच सुती स्कार्फ आहेत आणि रोज एक धुवायला टाकते. हेल्मेटचा पट्टा आणि आतलं अस्तर पण धुता येतं, काढून बघा. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही आणि घरात सगळ्यांचा एकच असतो, चेहऱ्यासाठी छोटा नॅपकिन वेगळा ठेवा. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

केसांना तेल. मला माहितीये हे आज्जीला सांगणं अवघड आहे, पण खोबरेल तेल रंध्रं बंद करणाऱ्या तेलांत वरच्या नंबरात येतं, आणि रात्री चंपी करून झोपलं की ते कपाळावर आणि अभ्र्यावर उतरतंच. फक्त कपाळावर आणि केसांच्या कडेने बारीक दाणे असतील तर सहा आठवडे तेल केस धुवायच्या तासभर आधी लावा आणि शॅम्पू करून टाका, रात्रभर ठेवू नका.

पण तेच दाणे अगदी एकसारखे, बारीक आणि खाजणारे असतील, आणि पिंपल्सचं काहीही लावून हलत नसतील, तर ते कदाचित पिंपल्स नाहीतच. मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टने केसांच्या मुळांना सूज येते, दमट हवेत, खूप घाम येणाऱ्यांना, आणि अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड घेतल्यावर हे जास्त होतं. त्याचं औषध वेगळं, बुरशीवरचं. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

खाण्याबद्दल घरोघरी "उष्णता झालीये" आणि "पोट साफ नाही" हेच ऐकायला मिळतं. तिखट-तेलकटाने पिंपल्स येतात याला तसा भक्कम पुरावा नाही. ज्याला आहे ते म्हणजे रक्तात साखर झपाट्याने वाढवणारं खाणं, आणि काही जणांत दूध, त्यातही साय काढलेलं, आणि जिमवाल्यांची व्हे प्रोटीन पावडर. म्हणजे दिवसातले चार गोड चहा, बरोबर बिस्किटं, रात्री पांढरा भात. मी चहाची साखर अर्ध्यावर आणली, बिस्किटं बंद केली, रात्री ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ सुरू केली, पिंपल्स त्यानेच गेले असं मी म्हणणार नाही पण दुखणारे कमी झाले हे नक्की. एक-एक गोष्ट सहा आठवडे बदलून बघा, सगळं एकदम सोडलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि बी-१२ ची इंजेक्शनं किंवा हाय डोस गोळ्या सुरू केल्यावर अचानक पिंपल्स आले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने येऊ शकतात.

पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, हनुवटीवर जाड केस येतात, डोक्यावरचे विरळ होतायत आणि पिंपल्स खालच्या जबड्यावर, हे सगळं एकत्र असेल तर नुसत्या क्रीमने भागणार नाही, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड) आहे का ते गायनॅककडे जाऊन तपासा. माझं तेच निघालं. सोनोग्राफी आणि हार्मोनच्या टेस्ट झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि जे जेल आधी काहीच करत नव्हतं तेच जेल कामाला लागलं.

खोल गाठी होत असतील, खड्डे पडायला लागले असतील तर घरी प्रयोग करत बसू नका, प्रत्येक महिना जातो तसे खड्डे वाढतात. डॉक्टर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या सुचवतील. त्याबद्दल "पुढे मूल होत नाही" असं सर्रास बोलतात ते खरं नाही. खरं हे आहे की गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर प्रेग्नन्सी अजिबात राहता कामा नये, बाळात गंभीर दोष येतात. मध्ये मध्ये लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या टेस्ट होतात, ओठ फार फुटतात, लिप बाम खिशात ठेवायचा. मन खूप खचल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

सपाट काळे डाग सनस्क्रीनने आणि वेळेने जातात, सहा महिने-वर्ष धरा. खड्डे क्रीमने भरत नाहीत, त्याला प्रोसिजर लागते आणि ती पिंपल्स थांबल्यावरच. लग्न ठरलं असेल तर निदान सहा महिने आधी उपचार सुरू करा, तीन आठवडे आधी पार्लरमध्ये नवीन फेशियल करून घेऊ नका.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी त्याच खिडकीत उभं राहून, तोंड धुतल्यावर, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. रोज आरशात बघून काहीच बदललं नाही असं वाटतं, मलाही दहाव्या आठवड्यात वाटत होतं, पण फोटो शेजारी ठेवले तर डावा गाल जवळजवळ रिकामा झाला होता. डॉक्टरकडे जाताना ते फोटो, पाळीच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, संपलेल्या पण, आणि मेडिकलवाल्याने दिलेली ती बिननावाची डबी असेल तर ती सगळ्यात आधी टेबलावर ठेवा.