मोटरहोमला मागचे पाय कसे बसवायचे आणि वापरायचे

ट्रॅव्हलर किंवा तत्सम गाडीचं मोटरहोम करून घेतलं की पहिल्याच मुक्कामात कळतं, रात्री एक जण कूस बदलतो अन् बाकीचे जागे होतात. पाट्यांची स्प्रिंग असते, मागच्या चाकाच्या मागे बॉडी लांब लोंबकळलेली असते, नेमका पलंग तिथेच, मग गाडी डुलणारच. मागच्या दोन कोपऱ्यांना पाय, म्हणजे जमिनीला टेकणारे जॅक, लावले की हे डुलणं जवळजवळ थांबतं, पुढे इंजिनचं वजन असतं म्हणून तिकडे सहसा गरज पडत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हे पाय गाडी उचलायला नाहीत, हलणं थांबवायला आहेत. वजन चाकांवरच राहिलं पाहिजे. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, अन् पाय इतके फिरवले की मागची चाकं हलकी झाली किंवा उचललीच गेली, तर ब्रेक लागलेला असूनही काही उपयोग नाही, उतारावर गाडी पायांसकट घसरू शकते. आत मुलंबाळं झोपलेली असतात भाऊ, म्हणून हे एवढं जोर देऊन सांगतोय.

आता कोणते पाय घ्यायचे ते पाहू. तीन प्रकार सहज मिळतात किंवा बनवून घेता येतात. एक कात्रीसारखा उघडणारा जॅक, दुसरा कॅरॅव्हॅनला असतो तसा पुढून बिजागरीवर खाली उतरणारा पाय, तिसरा आपल्याकडे ट्रॅक्टर ट्रॉलीला लावतात तो उभा स्क्रू जॅक, वरून हँडल फिरवायचं. माझं मत विचाराल तर नागपूर परिसरात ट्रॉलीचा जॅक सगळ्यात बरा, कारण तो कुठेही मिळतो, बिघडला तर गावातला वेल्डर पण दुरुस्त करतो, अन् नळीवर फिरून आडवा होणारा घेतला तर प्रवासात खाली लोंबतही नाही. बिजागरीवाला घेणार असाल तर तो असा लावा की बंद करताना पाऊल मागच्या दिशेला जाईल, म्हणजे चुकून कशाला घासला तरी मागे दुमडतो, जमिनीत रुतून चेसिस उपटत नाही.

माप घेताना गाडी रिकामी नको. पाण्याची टाकी भरा, सिलिंडर, बॅटऱ्या, सामान सगळं ठेवा, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो मागे बसतात आणि चेसिस तेवढी खाली येते. मग सपाट जागेवर चेसिसच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. पाय पूर्ण उघडल्यावर या अंतरापेक्षा चारेक इंच जास्त पोचला पाहिजे, कारण मुक्कामाची जागा कधीच सपाट नसते. आणि बंद केल्यावर मागच्या बंपरच्या रेषेखाली यायला नको. पेंचकडच्या आतल्या रस्त्यांवर किंवा नाल्याच्या रपट्यावरून चढताना गाडीची शेपटी आधी टेकते, पाय खाली आलेला असेल तर पहिला मार त्यालाच.

बसवायचं काम हिंगणा एमआयडीसीत किंवा वाडीकडे कुठेही होईल, ट्रकचं काम करणारा मिस्त्री शोधा, ग्रिल-गेटवाला नको. सामान इतवारीच्या लोहा ओळीत मिळून जातं. सांगायचं ते एवढं, की चेसिसला थेट वेल्डिंग करू नका. उष्णतेनं तिथला लोखंडाचा ताण बदलतो आणि पुढे तिथूनच तडा जायची भीती असते. ब्रॅकेट वेगळं टेबलावर वेल्ड करून घ्या अन् मग गाडीला बोल्टनं कसा. भोक पाडायचंच तर चेसिसच्या उभ्या बाजूला, मधोमध. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावू देऊ नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. मिस्त्री म्हणेल "काही होत नाही साहेब, सगळे इथेच मारतात", तरी नाही म्हणा. त्याहून बरं म्हणजे भोकच न पाडता यू-बोल्टनं ब्रॅकेट आवळणं, जिथे जागा असेल तिथे हेच करा. ज्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळं वजन घेते, तिथे मात्र पत्र्यावर कुठेही पाय लावू नका, कंपनीने जॅक लावायला दिलेल्या किंवा गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या मजबूत पट्टीच्या (क्रॉस मेंबर) जागीच लावा.

बोल्ट १२ एमएमचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले घ्या, आत नायलॉनची रिंग असलेले लॉक नट, आणि मागून जाड पट्टी म्हणजे कसल्यावर पत्रा दबत नाही. ड्रिल लावायच्या आधी पलीकडे हात घालून पाहा, डिझेलची नळी, ब्रेकची नळी, टेललाइटची वायर, तिन्ही तिथूनच जातात. जवळपास कुठेही वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, नव्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या करंटनं उडू शकतो. भोकाच्या उघड्या कडांना झिंक प्रायमर मारा, नाही तर पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो.

उभा जॅक लावला असेल तर एक तिरकस अँगल पण द्या, पायाच्या खालच्या भागापासून आतल्या क्रॉस मेंबरपर्यंत. उभा पाय वर-खाली हलणं थांबवतो, पण माणूस आत चालला की बाजूला वाकायला बघतो, तो अँगल ते थांबवतो. या एका अँगलनं जो फरक पडतो तो महागड्या जॅकनं पण पडत नाही. गाडी पाचेकशे किलोमीटर चालली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्या. आणि हो, गाडी मोटरहोम म्हणून आरसीवर चढलेली नसेल तर असे बदल करायच्या आधी आरटीओला विचारून घ्या, मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफाराचं सगळं येतं.

आता वापर. आधी गाडी लेव्हल करा, ती चाकांखाली रॅम्प किंवा फळ्या देऊन, पायांनी नाही. आतल्या ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून बघा. मग हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, आणि त्यानंतर पाय. दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत उतरवा, मग प्रत्येकाला अर्धा ते एक फेरा द्या, बस. ड्रिल मशीननं फिरवणारे आहेत, टेकेपर्यंत ठीक आहे, शेवटचा फेरा हातानेच द्या म्हणजे जोर कळतो. खूण सोपी आहे, मागचं दार उघडून लावून बघा. दार अडकत असेल तर बॉडीला पीळ पडलाय, एक पाय थोडा सैल करा.

पण खरा खेळ पायाखालच्या जमिनीचा आहे, आणि आपल्याकडे ती काळी माती. पायाचं पाऊल १० बाय १० सेंटीमीटरचं असेल अन् त्यावर ३०० किलो आले तर चौरस सेंटीमीटरला ३ किलो दाब पडतो, तेच ३० बाय ३० च्या फळीवर टाकले की जेमतेम पाव-अर्धा किलो. म्हणून १८-२० एमएम प्लायच्या चौकोनी फळ्या प्रत्येक पायासाठी ठेवाच, भोक पाडून दोरी बांधा म्हणजे चिखलातून ओढून काढता येतात. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर काळी माती संध्याकाळी दगडासारखी टणक वाटते, रात्री एक सर आली की सकाळी फळीची कड मातीत बसलेली अन् फळीभोवती चिखलाची कडा वर आलेली दिसते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात, म्हणून पावसानंतर पाय पुन्हा तपासायचे, कधी कसावा लागतो, कधी सैल करावा लागतो. भेग असेल तिथे पाय नकोच, हातभर बाजूला घ्या.

उन्हाळ्यात डांबराचं वेगळं. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ डिग्री झालं होतं, अशा उन्हात पार्किंगचं डांबर दुपारी इतकं मऊ होतं की फळीशिवाय लावलेला पाय गोल खड्डा पाडतो. फळी टाका, आणि जमलं तर सिमेंटच्या जागी लावा.

पायांवर गाडी असताना खाली शिरून काम करू नका, टायर बदलायलाही हे पाय वापरू नका.

निघताना विसरणं ही मोठी भीती. यावर उपाय म्हणजे पाय उतरवले की त्याचं हँडल लगेच स्टिअरिंगवर नेऊन ठेवा, ते हातात आलं की पाय आठवतातच. आमच्या घरी मुलगी स्टिअरिंगला लाल रिबिन बांधते, ती सुटल्याशिवाय चावी लागत नाही. आधी पाय वर, मग ठोकळे, मग रॅम्पवरून हळू उतरायचं.

देखभाल फार नाही. काळ्या मातीचा मुक्काम झाला की घरी आल्यावर स्क्रूवर पाण्याचा फवारा मारून माती पूर्ण काढा, वाळू द्या, मग ग्रीस. मातीवरच ग्रीस लावलं तर ते घासून आटे खातं.