इंग्रजीचं उच्चाराप्रमाणे स्पेलिंग बनवायचंय? मग हे आधी करा

बहुतेक जण बसले की पहिल्यांदा सी, क्यू आणि एक्स उडवतात, कारण ते सोपं आहे, के आणि एस असताना सी हवाच कशाला. पण खरं काम स्वरांचं आहे. ब्रिटिश प्रमाण उच्चारात जोडस्वर धरून साधारण 20 स्वर आणि लिहायला अक्षरं फक्त 5!

म्हणून आधी अक्षरांना हातच लावू नका, आवाजांची यादी करा. जोड्या बोलून बघा, शिप-शीप, फुल-फूल, एका आवाजाने अर्थ बदलला की तो यादीत घ्यायचा. व्यंजनं धरून यादी साधारण 44 वर जाते.

मग ठरवा कुणाचा उच्चार धरायचा. 'कार'मधला शेवटचा र लंडनवाला म्हणत नाही, अमेरिकन म्हणतो. माझं मत, र लिहा. लिहिलेला र गाळून वाचता येतो, पण न लिहिलेला र कुठे होता हे कोण लक्षात ठेवणार?

आता अक्षरं वाटा. टी-एचमध्ये दोन आवाज लपलेत, 'थिंक'चा आणि 'दिस'चा, दुसऱ्याला डी-एच द्या. मोकळं झालेलं अक्षर वाया घालवू नका, तुर्कीने 1928 मध्ये लॅटिन लिपी घेतली तेव्हा सी हे अक्षर सरळ ज साठी वापरलं आणि त्याच्याच खाली शेपटी काढून च केला, मला तर हे फारच आवडतं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे शब्दांची घराणी. 'फोटोग्राफ' आणि 'फोटोग्राफर' मोठ्याने म्हणून बघा, दुसऱ्यात जोर 'टो'वर सरकतो आणि पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होतो. अगदी ऐकू येतं तसं लिहिलं तर दोन्ही शब्दांचं नातंच दिसणार नाही, म्हणून मूळ शब्द तसाच ठेवा आणि जोर कुठे पडतो एवढीच खूण करा. अनेकवचनाचंही तेच, 'कॅट्स'मध्ये स आणि 'डॉग्झ'मध्ये झ ऐकू येतो पण दोन्हीकडे एसच राहू द्या. आपण नाही का 'चाक' आणि 'चार' एकाच च ने लिहित, मराठी माणसाचं वाचताना कुठे अडतं?

शेवटी बातमीतला एक परिच्छेद नव्या स्पेलिंगमध्ये लिहून कुणालातरी काही न सांगता वाचायला द्या, तो जिथे जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि फक्त तेवढेच नियम परत उघडा.